फक्त रविवारी मान टाकणारी गाडी

“जेट कुठं विकलेस, हुसेन?”

मी ट्रकखाली पाठीवर झोपून बोल्ट सोडवत होतो. डोक्यापाशी कोणती गाडी थांबली ते आवाजावरूनच कळलं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तसा आवाज दुसऱ्या कुठल्याच गाडीला नव्हता. सरपटत बाहेर आलो तर धैर्यशीलराव सरनोबत स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेले. उतरले नव्हते. इंजिनही बंद केलं नव्हतं. त्याच्या वरताण ऐकू जावं म्हणून ओरडून बोलत होते.

“कुठले जेट, सरकार?”

“भोळा होऊ नको. कार्ब्युरेटरचे! विलायती काढून घेतलेस आणि कुठलेतरी देशी बसवलेस. काल तिसऱ्या वळणावर पुन्हा गाडीनं मान टाकली. तिसरा रविवार हा. माझ्यामागून सुटलेली साधी चार दारांची गाडी हॉर्न वाजवत पुढं गेली, माहीत आहे?”

जेट म्हणजे बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा. मध्ये केसाएवढं भोक. इंजिनाला पेट्रोल किती मिळायचं ते त्या भोकावर ठरतं. विलायती जेटला तेव्हा गिऱ्हाईक होतं, हे खरं. पण मी ते कधी विकले नव्हते.

“पुण्याचा माझा दोस्त म्हणाला, दुसरं काही असूच शकत नाही,” ते म्हणाले. “काय काढलंस, काय घातलंस, त्याचा कागद दाखव.”

कागद कुठला दाखवणार? त्या वेळी मला अक्षर ओळखता येत नव्हतं. लिहाय-वाचायला शिकलो तो साठी उलटल्यावर, नातीच्या पुस्तकांवर. तेव्हा माझी जीभ हाच माझा कागद होता, आणि चौदा वर्षं तो चालला होता.

“कागद न्हाई सरकार. पण तोंडानं सांगितलं ते खरं हाय.”

“चोराचं खरं कोण ऐकतंय?”

समोरच्या दुकानातलं लेथ थांबलं. मग शेजारचं. सोमवारी सकाळी त्या चौकात चहाला चाळीसएक माणसं तरी असायची. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं, म्हणजे सगळेच ऐकत होते. माझी शेड सरनोबतांच्या जागेत होती, आणि हे चौकात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांनी खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढून माझ्यापुढं धरली. “शेवटची शर्यत ह्या रविवारी. दुरुस्त कर.”

मी हात पुढं केला नाही. “ह्या आठवड्यात मी गाडीला बोट लावत न्हाई.”

“घाबरलास?”

“न्हाई. गाडी तुमच्या बंगल्यावर ठेवा. रविवारी शर्यतीआधी सरावाची फेरी असती, तेव्हा मला बाजूला बसवा. मान टाकली तर माझ्या डोळ्यांदेखत टाकू दे.”

“आणि टाकली तर?”

“तर शेडची किल्ली तिथंच घाटात देतो तुम्हाला.”

त्यांनी किल्ली परत खिशात टाकली. मग गियर टाकून निघून गेले. चहावाल्यानं कप आणून माझ्या पायाशी ठेवला. तो तसाच निवला.

ती गाडी लाल रंगाची, दोन माणसांची, बिनछपराची, इंग्लंडात बनलेली. उंची इतकी कमी की शेजारी उभं राहिलं तर ड्रायव्हरच्या डोक्यावर हात ठेवता यावा. पुढून गोल, मागूनही गोल. दसऱ्याला सरनोबतांनी ती मुंबईहून आणली आणि दिवाळीपर्यंत ती हरणासारखी पळाली. मग डिसेंबरात मोटार क्लबाच्या पन्हाळा चढाईच्या शर्यती आल्या, ओळीनं चार रविवार. वाघबिळापासून वर गडापर्यंत, एकामागून एक गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. पहिल्या रविवारी गाडी तिसऱ्या वळणावर धापा टाकायला लागली, मग नुसती घरघरली, मग थांबली. दहा मिनिटांनी हसतखेळत चालू झाली. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तेच.

दर सोमवारी ती माझ्याकडं यायची. पहिल्या आठवड्यात प्लग, पॉइंट आणि कॉइल बदलली. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही कार्ब्युरेटर उघडले, जेट स्टोव्हच्या पिननं साफ केले, तिथंच परत बसवले. त्याच आठवड्यात पेट्रोलचा पंपही उतरवला. तो विजेवर चालायचा, मागच्या बाजूला बसून टकटक करायचा. पाइप फुंकून बघितले. आणि प्रत्येक वेळी गाडी घेऊन मीच पन्हाळा चढलो. एकदा नाही, दिवसाला तीन-तीनदा. ती एकदासुद्धा अडली नाही. मंगळवारी नाही, गुरुवारी नाही. मी सरनोबतांना सांगायचो, “सरकार, माझ्याकडं पळतीया.” त्याचा अर्थ त्यांनी असा घेतला की मी त्यांना गाडी चालवता येत नाही असं म्हणतोय. मलाही मनातून तसंच वाटत होतं.

एक गोष्ट तेवढी मी कुणाला बोललो नव्हतो, कारण ती बोलण्यासारखी वाटलीच नव्हती. गाडीचा पेट्रोलचा काटा बंद होता. म्हणून चढाला निघण्याआधी मी टाकीचं झाकण उघडून आत वेताची काडी बुडवून बघायचो. झाकण गाडीच्या पाठीवर, मधोमध, चकचकीत, बशीएवढं. आणि झाकण पुसल्याशिवाय उघडायचं नाही, आत कण जाता कामा नये, ही माझ्या उस्तादाची शिस्त. सोमवारी गाडी आली की त्या झाकणावर शेंदराचा जाड टिळा असायचा. मारुतीचा शेंदूर, तेलात कालवलेला. तो तेलकट चिंधीनं पुसायला मला बरं वाटेना. त्यांच्या देवाचा, त्यात मी शिकलगार. म्हणून त्यासाठी घरून धुतलेलं मलमलीचं फडकं आणायचो, कुणी बघत नाही असं बघून हलक्या हातानं पुसायचो, आणि फडकं परत घरी न्यायचो.

त्या सोमवारी घरी जाऊन जेवायला बसलो. माझी बायको रहिमतबी समोर बसली होती. चौकातलं तिच्या कानावर माझ्याआधी आलं होतं.

“शेड गेली तर जाऊ दे,” ती म्हणाली. “पण मला एक सांगा. ती गाडी सोमवार ते शनिवार गुणाची, आन् रविवारीच कशी रुसती? कॅलेंडर बघती का भिंतीवर?”

“गप बस.”

“गप काय! माणूस असता तर म्हटलं असतं, शनिवारी काय खाल्लंस ते सांग.”

मी ताटावरून उठलो. तिच्या बोलण्याचा रागच आला. मंगळवार, बुधवार असाच गेला. दुसऱ्यांच्या गाड्यांवर हात चालायचा आणि डोकं तिसऱ्या वळणावर. ऊन असेल? पण मी दुपारी बारालाही चढलो होतो. वेग असेल? मी त्यांच्याइतकाच दामटला होता. माझ्या हाताखाली होत नाही आणि त्यांच्या हाताखाली होतं असं काय असेल? शुक्रवारी एका टेम्पोला उलट्या बाजूनं नट आवळून बसलो आणि आटा घालवला. गिऱ्हाइकानं नुसतं बघितलं. त्या बघण्यात जेटची गोष्ट होती.

रविवारी सकाळी सरनोबतांच्या बंगल्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी गाडी बाहेर काढली. व्हरांड्यात त्यांच्या आईसाहेब उभ्या होत्या. पासष्टीच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, काठीनं उंबरा चाचपत, पण शनिवारचा मारुती कधी न चुकवणाऱ्या.

“कोण, हुसेन का?” त्या म्हणाल्या. “तू आहेस होय बरोबर? मग मला घोर नाही.”

मला खाली बघावं लागलं. धैर्यशीलराव म्हणाले, “बस.”

वाघबिळाचा रस्ता धरला. गाडी सुरेख चालली होती. इतकी सुरेख की मला भीती वाटायला लागली. आता बंद पडलीच नाही तर? तर मी हात लावला नाही म्हणून बरी झाली, असंच होणार. पडली तर शेड जाणार. दोन्हीकडून माझंच मरण.

सराव सुरू झाला. झेंडा पडला आणि ते सुटले. माणूस चांगला चालवायचा, हे मला तेव्हा कबूल करावं लागलं. पहिलं वळण, दुसरं वळण, एकही चूक नाही. तिसऱ्याच्या अलीकडं इंजिनात काहीतरी अडखळलं. ठसका लागावा तसं. मग पुन्हा.

“आली!” ते ओरडले. “बघ! बघ आता! ऐक तुझ्या कानानं!”

पाय तळापर्यंत दाबलेला, आणि गाडी म्हाताऱ्या बैलासारखी चढतेय. शंभर पावलं रडत गेली आणि कडेला थांबली. खाली दरी, वर लोक बसलेले. कुणीतरी शिट्टी मारली.

धैर्यशीलराव उतरले आणि दार इतक्या जोरात आपटलं की आरसा हलला. “किल्ली काढ शेडची.”

“दोन मिनिटं द्या.”

“तीन आठवडे दिले!” म्हणून ते पाठ फिरवून कठड्याशी गेले आणि सिगारेट पेटवायला लागले. वाऱ्यानं काडी विझत होती.

मी बॉनेट उघडलं नाही. ते सगळं मला पाठ होतं. मी नुसता उभा राहून ऐकत होतो. इंजिन बंद, पण स्विच चालूच होता, आणि मागून पंपाची टकटक येत होती. ती मला ओळखू येईना. माझ्या हाताखाली हा पंप घड्याळासारखा वाजायचा. आज एक ठोका, मग थांबणं, मग ओढत-ओढत दुसरा. चिखलात रुतलेलं चाक काढताना माणूस कण्हतो तसा. मी मागं गेलो. पेट्रोल संपलं की काय, म्हणून झाकण उघडायला वाकलो, आणि सवयीनं माझा हात खिशात मलमलीच्या फडक्याकडं गेला.

फडकं नव्हतं. बोट लावणार नाही म्हणालो होतो, म्हणून आणलंच नव्हतं.

झाकणावर टिळा होता. काल शनिवारी लावलेला, ताजा, बोटभर जाड. मी त्याच्याकडं बघत राहिलो. बायकोचं बोलणं कानात आलं, शनिवारी काय खाल्लंस. प्रत्येक झाकणाला मधोमध सुईएवढं भोक असतं. टाकीतून पेट्रोल जाईल तितकी हवा त्या भोकातून आत यायला हवी. नाही आली तर टाकी आतून ओढून धरते, आणि पंप बिचारा कितीही ओढो, पेट्रोल येत नाही. थोडं थांबलं की कुठूनतरी हवा झिरपते आणि गाडी पुन्हा चालते. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? पहिल्या वर्षी शिकलेली गोष्ट. पण मी आजवर ती गाडी टिळ्यासकट घाटात कधी चढवली होती? दर सोमवारी मीच अदबीनं आजार पुसून टाकत होतो आणि मग दिवसभर आजार शोधत होतो.

मी टिळ्याला धक्का न लावता कडेनं झाकण फिरवलं. सूंऽऽ करून टाकीनं हवा ओढली, लांब, पोट भरून. आणि त्याच क्षणी पंप टकटकटकटक पळायला लागला.

धैर्यशीलरावांनी वळून बघितलं. “काय केलंस?”

माझ्या वरच्या खिशात स्टोव्हची पिन होती. ती मी आतल्या बाजूनं भोकात घातली. शेंदराची एक बारीक गुळी निघाली. टिळा होता तसाच ठेवला, त्यात फक्त सुईएवढं भोक पडलं. झाकण लावलं.

तोवर वरची माणसं उतरून गाडीभोवती आली होती. क्लबाचे लोक, खालच्या गावचे लोक, उद्यमनगरातलेही सात-आठ. मजा बघायला आलेले.

“काय होतं?” धैर्यशीलरावांनी सगळ्यांपुढं विचारलं.

माझ्या जिभेवर आलं होतं. बोटाच्या टोकाला शेंदूर होता. पण ते सांगायचं म्हणजे काय सांगायचं? आईसाहेबांनी लावलेल्या टिळ्यानं लेकाच्या तीन शर्यती घालवल्या. आणि हे सांगणार मी, हुसेन शिकलगार, चोर ठरलेला. उद्या चौकात त्याचं काय-काय झालं असतं ते मला दिसत होतं. आणि व्हरांड्यात काठी टेकून उभी असलेली ती बाई.

“कचरा होता,” मी म्हणालो. “निघाला.”

“कचरा?”

“हां. आता पळंल.”

ते मोठ्यानं हसले. “ऐकलंत का? तीन आठवडे ह्याला कचरा सापडला नाही! हुसेन, तू चोर नाहीस रे, नुसता ढिसाळ आहेस.”

सगळे हसले. उद्यमनगरातलेही. मी बोट पँटीला पुसलं.

त्या दिवशी गाडी पहिली आली. दुसऱ्याच्या पुढं अकरा सेकंद. त्यांना खांद्यावर घेतलं तेव्हा मी गर्दीच्या मागं होतो. परत येताना एका ट्रकमधून आलो. शेडच्या किल्लीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पण गोष्ट तिथं सोडून चालणार नव्हती. पुढच्या शनिवारी टिळा पुन्हा लागणार होता. म्हणून शनिवारी दुपारी, धैर्यशीलराव शेतावर गेलेत असं बघून, मी बंगल्यावर गेलो. आईसाहेब व्हरांड्यात बसल्या होत्या.

“आईसाहेब, एक विनंती होती. टिळा गाडीच्या तोंडावर लावावा.”

“मग कुठं लावते मी?”

“पाठीवर.”

त्यांनी डोळे बारीक केले. “अरे, ती गोल, चकचकीत टिकली असते ती? ते कपाळ नव्हे?”

“पेट्रोलच्या टाकीचं झाकण हाय. गाडी गॅरेजमधी तोंड आत करून लावत्यात, म्हणून तुम्हाला मागची बाजू लागती.”

त्या हसायलाच लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “अगं बाई! म्हणजे महिनाभर मी तिच्या पाठीला टिळा लावतेय! कुणी बोललं कसं नाही रे मला?” मग हसू हळूहळू थांबलं. बाई हुशार होती. “हे सांगायला तू मुद्दाम आलास. त्यानं काय होत होतं?”

मी पायरीवर बसलो.

“हुसेन, काय होत होतं?”

सांगावं लागलं. झाकण, भोक, हवा, तिसरं वळण. त्यांनी काठी आडवी मांडीवर घेतली.

“धैर्यशील मला म्हणाला कचरा होता.”

“मीच तसं सांगितलं.”

“तुझ्यावर आलं असेल ते.”

“थोडं.”

“थोडं म्हणजे किती?”

मी उठलो. म्हणालो, शेडवर माणूस थांबलाय. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण मी फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यांनी माळ्याला हाक मारली होती. माळ्याचा भाऊ उद्यमनगरात मोल्डिंगच्या कामाला होता.

सोमवारी गाडी शेडसमोर थांबली. ह्या वेळी इंजिन बंद झालं. धैर्यशीलराव उतरून आत आले, माझ्या बाकड्यावर बसले. उगाच एक पाना उचलून ठेवला.

“आईसाहेबांनी सांगितलं सगळं. दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत.” मग म्हणाले, “तिथंच का नाही बोललास?”

“तिथं माणसं होती, सरकार.”

“मी तुला चोर म्हणालो तेव्हाही माणसं होती.”

“होय. होती.”

त्यांनी तो पाना पुन्हा उचलला. कानशिलं लाल झाली होती. खानदानी माणूस, त्याला शब्द सापडत नव्हता, आणि मीही तो काढून देत नव्हतो. शेवटी म्हणाले, “चुकलं माझं.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, छाती हलकी झाली. मी चहा सांगायला दाराकडं वळलो.

“फक्त एक कर,” ते मागून म्हणाले. “लोकांना माहीत आहे तेच राहू दे. कचऱ्याचं. आईसाहेबांचं नाव उगाच चौकात नको. तू समजूतदार आहेस.” आणि त्यांनी गाडीची किल्ली बाकड्यावर ठेवली. “वर्षभर तूच बघ हिच्याकडं.”

मी दारातच थांबलो. बोलले त्यात वावगं काहीच नव्हतं. मी स्वतः आठ दिवस तेच करत होतो, आणि पुढंही करणार होतो. पण मी होऊन गप्प बसलो होतो तोवर ते गप्प बसणं माझं होतं. त्यांनी सांगितल्यावर ते त्यांचं झालं. हे मला आज इतकं सरळ लिहिता येतंय. तेव्हा नुसती बाकड्यावरची ती किल्ली दिसत होती.

“बोलणार न्हाई कुणाला,” मी म्हणालो. “पण किल्ली उचला.”

“म्हणजे?”

“गाडी दुसरीकडं दाखवा. शेड महिनाअखेर मोकळी करतो.”

“अरे, मी माफी मागितली ना!”

“मागितली. मला पोचली.”

त्यांना ते कळलं नाही.  किल्ली घेऊन गेले. रहिमतबी मला आठवडाभर वेडा म्हणत होती. महिनाअखेर मी शिरोलीच्या रस्त्याला एक पत्र्याचा आडोसा घेतला आणि तिथं पुढची तीस वर्षं काढली. उद्यमनगरात माझं नाव ढिसाळ मिस्त्री म्हणून राहिलं ते राहिलंच. आता सरनोबत मायलेक दोघंही नाहीत, म्हणून लिहितोय.

आडोशात गेल्यावर तिसऱ्या की चौथ्या रविवारी ती गाडी समोरून गेली. मी पाठमोरा होतो, पण बघायची गरज नव्हती. पूर्ण दमात होती, एकही ठसका नाही. फक्त आत एक व्हॉल्व्ह किंचित सैल वाजत होता, दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसता इतका. पाच मिनिटांचं काम. माझा हात पान्यावर गेला, रस्त्यापर्यंत गेलोसुद्धा. आवाज दिला असता तर ते थांबले असते.

गाडी वळणापलीकडं जाईपर्यंत मी तिथं उभा होतो. मग आत आलो आणि एका रिक्षाचा ब्रेक उघडला.